देवगंधर्व भास्करबुवा बखले : सुराचा कस आणि श्रोत्यांची आवड

जीर्णोद्धार म्हणजे केवळ दगड, चुना आणि कळस नव्हे. सभामंडप पुरा झाला की त्यात काकडा आला, हरिपाठ आला, कीर्तन आले, सप्ताहाचा जागर आला. मंदिराबरोबर गावच्या गाण्याचाही जीर्णोद्धार होत असतो. आणि जेथे गाणे तेथे एक जुना वाद ठेवलेलाच. दोन गावांची भजनी मंडळे रात्रभर गाऊन गेली की पहाटे पारावर तट पडतात. एकाच्या मते अमक्या बुवांचा आवाज गोड म्हणून ते श्रेष्ठ. दुसऱ्याच्या मते तमक्या बुवांचा ताल पक्का म्हणून ते श्रेष्ठ. शेवटी एखादा समजूतदार गृहस्थ ज्याची त्याची आवड असे म्हणून वाद मिटवितो आणि माणसे घरोघर जातात.

परंतु वाद खरोखर मिटतो काय? गाण्याचे चांगलेपण सोन्याच्या कसाप्रमाणे ठरलेले असते, की जेवणातल्या तिखटामिठाप्रमाणे ते ज्याच्या त्याच्या जिभेवर अवलंबून असते? या प्रश्नावर मोठमोठ्या पंडितांनी ग्रंथ लिहिले आहेत. आपणासारख्या सामान्य माणसांना मात्र ग्रंथापेक्षा एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र अधिक उमज देऊन जाते. पुणे शहरात ज्यांनी भारत गायन समाज स्थापन केला, ते गायनाचार्य कै. भास्करबुवा बखले यांचे चरित्र असेच आहे. या प्रश्नाच्या दोन्ही बाजूंचा अनुभव त्यांना स्वतःच्या आयुष्यात घ्यावा लागला.

बालपण आणि पहिली वाहवा

भास्कर रघुनाथ बखले यांचा जन्म १७ ऑक्टोबर १८६९ रोजी बडोदे संस्थानातील कठोर या गावी झाला. घरची स्थिती गरिबीची होती. मुलाने संस्कृत शिकावे म्हणून त्यास बडोद्यास ठेवण्यात आले. परंतु त्याचे मन पाठांतरापेक्षा गाण्यात अधिक रमे. पिंगळेबुवा नावाच्या कीर्तनकारांकडून त्यास गाण्याचे पहिले धडे मिळाले. पुढे हिंदुस्थानभर गाजलेल्या या गवयाचा आरंभ असा कीर्तनाच्या छायेत झाला, ही गोष्ट मंदिराच्या या स्मरणिकेत आवर्जून सांगण्यासारखी आहे.

ते दिवस संगीत नाटकाच्या उदयाचे होते. १८८० साली पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी शाकुंतल रंगभूमीवर आणले आणि सारा महाराष्ट्र नाट्यगीतांनी वेडा झाला. गोड गळ्याच्या मुलांना नाटक मंडळ्या शोधीत असत. भास्करचा गळा त्यांच्या कानी पडला आणि तो किर्लोस्कर मंडळीत दाखल झाला. रामराज्यवियोग नाटकात तो कैकेयीची भूमिका करी. कैकेयी ही लोकांच्या रागाची राणी. पण भास्कर गाऊ लागला की लोक तिच्यावरही लुब्ध होत. इंदूर मुक्कामी थोर बीनकार बंदे अली खाँ यांनी या मुलाचे गाणे ऐकले आणि त्यास काही काळ शिकविले. एवढ्या मोठ्या कलावंताने नाटकातल्या पोरास शिकवावे हा भाग्ययोगच म्हणावयाचा.

आवाज फुटला

आणि मग वयाप्रमाणे जे व्हावयाचे ते झाले. भास्करचा आवाज फुटला. तो गोडवा गेला, वरच्या पट्टीत गळा चढेना. ज्या मुलासाठी प्रेक्षक टाळ्या पिटीत, त्यास आता मंडळीत कोणी विचारीना. मुख्य भूमिका गेल्या, मान गेला, वाट्यास उपेक्षा आली. अखेर त्याने मंडळी सोडली.

या प्रसंगाचा वाचकांनी थोडा विचार करावा. लोकांना आवडते तेच चांगले गाणे असे मानले, तर भास्कर एका वर्षी उत्तम गवई होता आणि पुढल्या वर्षी कोणीच नव्हता. पण त्याने शिकलेल्या चिजा तर तशाच होत्या. सूर ओळखणारा कान तोच होता. तालाची समजही तीच होती. गेला तो केवळ बालकंठाचा मुलामा. लोकांनी मुलाम्यास गाणे मानले होते. लोकांच्या आवडीवर विसंबून राहिलेला मुलगा अशा वेळी खचून जातो आणि गावोगावी अशी किती मुले खचली असतील याची गणती कोणी केलेली नाही. भास्कर खचला नाही. टाळी ज्याच्यावर अवलंबून नाही असे गाण्यात काही आहे काय, हे शोधण्यास तो बाहेर पडला.

तीन गुरू, तीन तऱ्हा

प्रथम तो बडोद्यास फैज महंमद खाँ यांच्याकडे राहिला. खाँसाहेब ग्वाल्हेर पद्धतीचे गवई. त्या काळी विद्या फी देऊन मिळत नसे. शिष्याने गुरूघरी राहावे, पडेल ते काम करावे आणि गुरूची मर्जी होईल तेव्हा शिकावे, अशी रीत होती. फुटलेला आवाज पुन्हा घडविणे हे पडक्या भिंतीच्या जागी नवी भिंत उभारण्याइतके कष्टाचे काम. खालच्या सुरापासून एकेक सूर स्थिर करीत करीत ते झाले.

त्यानंतर आग्रा घराण्याचे नत्थन खाँ यांच्याकडे त्यांनी शिक्षण घेतले. मध्यंतरी पोटासाठी धारवाडच्या ट्रेनिंग कॉलेजात संगीत शिक्षकाची नोकरीही केली. १९०१ साली नत्थन खाँ निवर्तले. तोवर बुवांचे नाव झाले होते, वयाची तिशी उलटली होती. दुसरा कोणी असता तर आता शिकणे पुरे म्हणून स्वस्थ बसला असता. बुवांनी अल्लादिया खाँसाहेबांकडे जाऊन पुन्हा शिष्यत्व पत्करले.

ज्यांना घराणी म्हणजे काय याची माहिती नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगणे जरूर आहे. यमन हा राग तिन्ही घराणी गातात आणि रागाचे स्वर सर्वांचे तेच. पण ग्वाल्हेरचा गवई तो राग मोकळ्या आवाजात, सरळ वाटेने, स्थायी-अंतरा नीट भरून मांडील. आग्र्याचा गवई लयीशी खेळेल, चिजेतील शब्दांची नाना तऱ्हांनी मांडणी करील. अल्लादिया खाँसाहेबांच्या जयपूर पद्धतीचा गवई एका सुरातून दुसरा सूर उलगडीत, पेचदार तानांची वीण न तोडता समेवर येईल. तिन्ही घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या जो तो आपली वाट खरी मानीत आला. जुने गवई दुसऱ्या घराण्याचे गाणे ऐकण्यासही नाखूष असत.

खुद्द अल्लादिया खाँसाहेबांची कथाही ध्यानात घेण्याजोगी आहे. तरुणपणी अतिश्रमाने त्यांचा आवाज बसला आणि पूर्वीचा पुन्हा मिळाला नाही. मग उरलेल्या आवाजाला साजेल अशी नवी गायकी त्यांनी बुद्धीने घडविली. तीच पुढे महाराष्ट्रात मानाची ठरली. ज्यास लोक दोष म्हणतील त्यातून एक घराणे जन्मास आले. म्हणजे गाण्याची घडण माणसागणिक आणि गळ्यागणिक बदलते, तिच्यात हीच खरी आणि ती खोटी असे काही नाही. आवाज गमावलेला गुरू आणि आवाज गमावलेला शिष्य अशी ही जोडी परमेश्वरानेच जुळविली म्हणावयाची.

मग या तिन्ही घराण्यांत समान काय होते? बुवांना तिन्ही ठिकाणी एकाच गोष्टीसाठी घाम गाळावा लागला. सूर आपल्या जागी लागला पाहिजे आणि सम चुकता कामा नये. यात ग्वाल्हेरने सूट दिली नाही, आग्र्याने दिली नाही, जयपूरनेही दिली नाही.

मोजता येते ते आणि न येते ते

सूर जागेवर लागणे हीदेखील एक आवडच नव्हे काय, अशी शंका कोणास येईल. तिचे उत्तर तंबोऱ्यात आहे. तार बरोबर मध्यावर दाबली तर अर्ध्या तारेतून वरचा षड्ज निघतो. तारेचा दोन-तृतीयांश भाग वाजू दिला तर पंचम निघतो. हे पुण्यात जसे खरे तसेच मद्रासेस आणि विलायतेसही खरे. ते कोणाच्या हुकमाने बदलत नाही आणि बहुमतानेही बदलत नाही. तंबोरा नीट जुळला म्हणजे खर्जाच्या तारेतून कोणी न छेडलेला गंधार आपोआप ऐकू येतो, हे गाणाऱ्यांस ठाऊक आहेच. सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनीही १९२१ साली तंबोऱ्याच्या नादाचा शास्त्रीय अभ्यास मांडला.

बुवांच्याच काळात महाराष्ट्रात अशा मोजणीची मोठी चळवळ झाली. कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर. त्यांनी अब्दुल करीम खाँसाहेबांच्या साहाय्याने सुरांची मोजणी केली आणि बावीस श्रुतींवरील आपले पुस्तक १९१० साली पुण्यात प्रसिद्ध केले. त्याच वर्षी पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी हिंदुस्थानी संगीत पद्धतीचा पहिला भाग मराठीत प्रसिद्ध केला. पुढे १९१६ साली बडोद्यास संगीत परिषद भरली तेव्हा श्रुतींच्या प्रश्नावर विद्वानांत चांगलीच खडाजंगी झाली. म्हणजे मोजणी करणाऱ्यांतही एकमत नव्हते.

ते कसे असणार? शंकू-साखळी लावून शेताची हद्द ठरविता येते आणि ती हद्द सर्वांस सारखीच मानावी लागते. पण त्या शेतात बाजरी पेरावी की ऊस लावावा हे साखळी सांगत नाही. ते मालकाच्या गरजेवर, आवडीवर आणि पाण्यावर ठरते. गाण्यातही तसेच आहे. सुराची हद्द ठरलेली आहे. त्या हद्दीत काय पिकवावे याची मोकळीक आहे.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे आपली बाजाची पेटी. मोजून पाहिले तर पेटीचा गंधार तंबोऱ्याच्या गंधारापेक्षा किंचित चढा असतो. याच कारणाने आणि इतर काही कारणांनी आकाशवाणीने १९४० सालापासून १९७१ सालापर्यंत पेटीवर बंदी घातली होती. पण कीर्तनात, भजनात आणि नाटकात पेटी राहिलीच. बुवांचे शिष्य गोविंदराव टेंबे हे तर नामांकित पेटीवादक होते. पेटीतली उणीव त्यांना कळत नव्हती असे नव्हे. पण उणीव जाणून वाजविणे निराळे आणि उणीव न जाणता वाजविणे निराळे.

पुण्यातील कार्य

गाण्यास चांगल्या घरात मान नव्हता असा तो काळ. गाणे शिकतो म्हटल्यावर मुलगा वाया गेला असे लोक समजत. १९०१ साली पंडित विष्णु दिगंबर पलुसकरांनी लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढून ही समजूत बदलण्याचा उद्योग आरंभिला होता. पुण्यात भास्करबुवांनी १९११ साली गायन समाज स्थापन केला. आरंभी त्याचे नाव किर्लोस्कर भारत गायन समाज असे होते, पुढे ते भारत गायन समाज झाले. शनिवार पेठेतील या संस्थेने शंभर वर्षे ओलांडली आहेत. ज्या विद्येसाठी बुवांना दारोदार फिरावे लागले ती विद्या सामान्य घरच्या मुलांस आपल्या शहरात मिळावी, हा हेतू उघड आहे. श्रोत्यांची आवड घडविता येते असा बुवांचा विश्वास असल्यावाचून शाळा निघाली नसती. आवड जर जन्मतःच ठरलेली असेल तर शाळा कशासाठी?

ज्या किर्लोस्कर मंडळीतून आवाज फुटल्यावर त्यांना बाहेर पडावे लागले होते, त्याच मंडळीत ते पुढे गायनगुरू म्हणून मानाने आले. बालगंधर्व त्यांचे शिष्य झाले. १९१३ साली गंधर्व नाटक मंडळी निघाली तेव्हाही गुरुस्थानी बुवाच राहिले. १९१६ साली कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे स्वयंवर नाटक रंगभूमीवर आले. त्याच्या चाली बुवांनी दिल्या होत्या. यमन, भीमपलास, बिहाग अशा रागांतील भारदस्त ख्यालांची घडण त्यांनी मराठी पदांत आणली. बालगंधर्व रुक्मिणीच्या वेषात ती पदे गाऊ लागले आणि ज्यांना रागाचे नावही ठाऊक नाही अशी माणसे ती घरी गुणगुणू लागली.

येथे बुवांचे खरे शहाणपण दिसते. नाटकाचे प्रेक्षक रात्रभर एकच ख्याल ऐकणार नाहीत हे ते जाणून होते. म्हणून त्यांनी विस्तार कमी केला, तानांचे प्रमाण बेताचे ठेवले, शब्द पुढे आणले. येवढे त्यांनी आवडीसाठी सोडले. पण राग बिघडविला नाही आणि सुरात तडजोड केली नाही. आई लेकरासाठी भाकरी कुस्करून देते. पण कोंड्याची भाकरी देत नाही, तसेच हे आहे.

शिष्यपरिवार

बुवांचे शिष्य पाहिले म्हणजे आणखी एक गोष्ट ध्यानी येते. बालगंधर्वांचे गाणे लाडिक आणि भावाने ओथंबलेले. आळंदीस जन्मलेले मास्तर कृष्णराव फुलंब्रीकर १९११ साली वयाच्या तेराव्या वर्षी बुवांकडे आले. त्यांचे गाणे चपळ आणि हसतेखेळते होते. टेंब्यांनी पेटी गाजविली आणि मानापमानाच्या चाली दिल्या. गोव्याच्या ताराबाई शिरोडकर मैफलीत गायल्या. पंजाबचे दिलीपचंद्र वेदी यांनी बुवांची विद्या उत्तरेस नेली. केसरबाई केरकरही काही दिवस बुवांकडे शिकल्या आणि मग अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या झाल्या. यांतील एकाचे गाणे दुसऱ्यासारखे नाही. गुरूने सर्वांस एकाच साच्यात दाबले नाही. प्रत्येकाचा गळा आणि स्वभाव पाहून विद्या दिली. पण यांपैकी कोणीही बेसूर झाला असे कोणी म्हणत नाही. केसरबाईंच्या भैरवीची ध्वनिमुद्रिका तर १९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर यानांतून अवकाशात पाठविली. जे ती निवडत होते त्यांची भाषा निराळी, देश निराळा, जन्मापासून ऐकलेले गाणे निराळे. तरीही त्यांनी ती निवडली.

स्वतः बुवांनाही असाच अनुभव आला. पंजाबात जालंधर येथे हरिवल्लभ स्वामींच्या समाधीपाशी १८७५ सालापासून दरवर्षी संगीताचा मेळा भरतो. तेथे हा मराठी ब्राह्मण जाऊन गायला आणि पंजाबी श्रोत्यांनी त्यास डोक्यावर घेतले. महाराष्ट्राने त्यांना देवगंधर्व म्हटले. इतक्या निरनिराळ्या आवडींच्या लोकांस जेव्हा एकच गवई थोर वाटतो, तेव्हा त्यात आवडीपलीकडचे काही असले पाहिजे असे मानणे भाग पडते.

अखेर

८ एप्रिल १९२२ रोजी पुण्यात बुवांचा देहान्त झाला. वय अवघे बावन्न वर्षांचे. त्यांच्या गाण्याची ध्वनिमुद्रिका उपलब्ध नाही. बालगंधर्वांचे गाणे आपण तबकडीवर ऐकू शकतो, अब्दुल करीम खाँसाहेबांचे ऐकू शकतो. भास्करबुवांचे ऐकू शकत नाही. म्हणजे आज कोणासही त्यांचे गाणे आवडले किंवा नावडले असे म्हणता येत नाही. तरीही ते थोर होते हे सर्व जाणकार मानतात. कशावरून? तीन घराण्यांच्या गुरूंनी त्यांना आपली विद्या दिली यावरून, त्यांनी घडविलेल्या माणसांवरून, आणि त्यांनी बांधलेल्या चाली शंभर वर्षांनंतरही गाइल्या जातात यावरून.

या चरित्रातून आपल्या पारावरच्या वादाचे उत्तर मिळते ते असे. सूर लागला की नाही, ठेका सुटला की नाही, हा आवडीचा प्रश्न नव्हे. त्याचा निवाडा होऊ शकतो. आपले पखवाजी कणीक लावून, पुन्हा काढून, पुन्हा लावून धूम सुरात आणतात तेव्हा ते कोणाची आवड विचारीत नाहीत. सूर जुळला की त्यांचा हात थांबतो. त्यापुढे कोणाला संथ चाल आवडेल, कोणाला उठावाची. कोणाला वारकरी चाल भावेल, कोणाला रागदारीचा अभंग. तेथे भांडू नये. आणि एक तिसरी गोष्ट, जी बुवांनी शाळा काढून दाखविली : आवड ही ऐकून ऐकून वाढते. चांगले कानी पडत राहिले तर कान चांगले मागू लागतो.

ग्रामस्थांनी आणि देणगीदारांनी एवढ्या श्रमाने हा सभामंडप उभा केला आहे. त्यात भजनास बसणाऱ्या मुलांपैकी एखाद्याचा आवाज चौदाव्या-पंधराव्या वर्षी फुटेल. त्या दिवशी त्याच्या हातचे टाळ कोणी काढून घेऊ नयेत आणि त्यास मागे बसवू नये. त्याला खर्जात सूर धरावयास शिकवावे आणि वाट पाहावी. किर्लोस्कर मंडळीतील त्या मुलास कोणी वाट दाखविली नाही, त्याची त्यास शोधावी लागली. आपल्या गावच्या मुलास ती देवाच्या दारी मिळावी, हीच ग्रामदैवताच्या चरणी प्रार्थना.